शुक्रवारची कोंबडी

मी एकदा खुनाचा तपास केला आहे. एवढंच सांगून थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण नातवंडांपुढे मी हे वाक्य टाकलं की स्वयंपाकघरातून सून ओरडते, “आई, पूर्ण सांगा हं.” आणि पूर्ण सांगितलं की माझी पार शोभा होते. आता लिहायलाच बसले आहे तर पूर्णच लिहिते. वाचणाऱ्यांना माझं तोंड थोडंच दिसणार आहे.

नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. आम्ही आचोळ्याला राहायला आलो तेव्हा आमच्या इमारतीच्या एका अंगाला दुसऱ्या इमारतीचा सांगाडा होता आणि दुसऱ्या अंगाला भातशेत. बघता बघता भातशेत गेलं आणि तिथेही सांगाडा उभा राहिला. नळ होते, नळाला पाणी नव्हतं. टँकर आला की अख्खी गल्ली हंडे घेऊन धावायची आणि टँकर गेला की अख्खी गल्ली भांडायची. आमचे हे सकाळी मुंबईला ऑफिसला जात ते दिवेलागणीनंतर परत येत. मुलगा शाळेत. घरात मी आणि सासूबाई. दोघींनाही दिवसभर बोलायला विषय पुरत नसत, म्हणून मी डबे द्यायला सुरुवात केली.

त्यातच एक चमत्कारिक गिऱ्हाईक मिळालं. पोलीस ठाण्याच्या कोठडीत ज्यांना ठेवतात त्यांना दोन वेळचं जेवण सरकारने द्यायचं असतं. ते ठाण्यात शिजत नाही, जवळपासच्या कुणाकडून तरी आणतात. आधी एक खानावळवाला द्यायचा, त्याच्या भाजीत झुरळ निघालं. आरोपीच्या ताटात निघालं असतं तर चाललं असतं, पण ते साहेबांच्या ताटात निघालं. म्हणून काम माझ्याकडे आलं. पोळ्या, भात, डाळ, एक भाजी. मीठ कमी, कारण सासूबाईंना रक्तदाब होता आणि मी दोन पातेली वेगळी करणाऱ्यांतली नव्हते. अख्खी कोठडी सासूबाईंचं पथ्य खायची.

डबा न्यायला एक हवालदार यायचा. साताऱ्याकडचा, मिशा भरघोस, सायकल खिळखिळी. ठाण्याची बातमी त्याच्या पोटात राहत नसे आणि माझा चहा पोटात गेल्याशिवाय ती बाहेर पडत नसे. “कुणाला बोलू नका हं वहिनी,” असं म्हणून तो सगळं सांगायचा. मी फक्त सासूबाईंना सांगायचे. सासूबाई फक्त इमारतीला सांगायच्या.

आता त्या वेळच्या माझ्याबद्दल सांगायला हवं. चाळिशी जवळ आलेली, वेणी घट्ट, आवाज मोठा, आणि डोक्यात रहस्यकथा. स्टेशनजवळच्या वाचनालयातून मी आठवड्याला दोन आणायचे आणि पुस्तक निम्मं व्हायच्या आत खुनी ओळखायचे. तो शेवटी दुसराच निघायचा. पण त्याचा दोष मी लेखकाला द्यायचे. आपल्याला तपास जमत नाही असं तिला, म्हणजे मला, एकदाही वाटलं नाही. मला आता त्या बाईचं कौतुकच वाटतं.

होळी नुकतीच होऊन गेली होती. गल्लीच्या टोकाला एक अर्धवट इमारत होती, तिच्या पाण्याच्या टाकीत एका माणसाचं प्रेत सापडलं. जमिनीचे व्यवहार जुळवणारा एजंट. डोक्यात घाव होता. गल्लीत हाहाकार झाला, आणि हे इथेच कबूल करते की मला आनंद झाला. माणूस मेल्याचा नव्हे हो. आपल्या गल्लीत मेल्याचा.

दोन-तीन दिवसांत आरोपी धरला. रुळांच्या पश्चिमेला, समुद्राच्या बाजूच्या गावातला बागायतदार, गावातल्या जुन्या ख्रिस्ती घरातला. केळीची वाडी होती त्याची. तो एजंट ती वाडी विकायला लावायला त्याच्या मागे लागला होता, आणि ह्याने भर बाजारात, चार माणसांदेखत त्याला सांगितलं होतं, “परत वाडीत पाय टाकलास तर कोयत्याने तोडीन.” असं बोलणाऱ्याला कोण सोडतो? त्यात एक साक्षीदारही मिळाला. मेलेल्या एजंटाचा धंद्यातला भागीदार.

“काय बघितलं त्याने?” मी हवालदाराच्या कपात साखर जास्त घालत विचारलं.

“शुक्रवारी संध्याकाळी तो रस्त्याने चालला होता. वर पहिल्या मजल्यावर दोघं बसलेले. आपला आरोपी आणि तो मेलेला. मधे बाटली, कोंबडीचं पार्सल. ह्याला वाटलं, मिटलं वाटतं भांडण. हसला आन् गेला पुढं.”

“आणि खरंच कोंबडी होती?”

“हाडं सापडली की तिथं. बाटली पण.”

“आरोपी काय म्हणतो?”

“म्हणतो, चर्चमधून घरी गेलो आन् मग वाडीत पंप चालवत बसलो. एकटा. आता केळीची झाडं काय साक्षीला येतात व्हय?”

तपास करणारे साहेब तरुण होते. हडकुळे, हळू बोलणारे. त्यांची पद्धत अशी की साक्षीदाराने काय सांगितलं ते आरोपीला कळू द्यायचं नाही. त्याच्या तोंडून आपोआप काय येतं ते बघायचं. म्हणजे बाटली आणि कोंबडीची गोष्ट आरोपीला ठाऊक नव्हती. ठाऊक होती ती साहेबांना, हवालदाराला, मला, सासूबाईंना आणि आमच्या इमारतीच्या तीन मजल्यांना.

त्याचा डबा मी द्यायला लागले आणि माझं लक्ष डब्यापेक्षा परत आलेल्या डब्याकडे जास्त राहू लागलं. माणूस काय खातो ह्यावरून त्याचं मन कळतं, असा माझा सिद्धान्त होता. कुठे वाचला होता देव जाणे. बहुतेक कुठेच नाही. डाळभात साफ व्हायचा. एकदा आमच्याकडे मांदेली तळली होती, दोन-चार उरली, ती टाकली. डब्यात काटासुद्धा परत आला नाही. मग एका बुधवारी अंड्याची आमटी उरली होती, ती दिली. भात संपला, अंडं तसंच परत.

“आई!” मी डबा सासूबाईंच्या नाकाखाली धरला. “अंडं!”

“बरं मग? थंड झालं असेल.”

“आई, अंड्यातून काय निघतं?”

“तुझ्या आमटीत? काही नाही.”

“कोंबडी निघते, आई! ह्या माणसाला कोंबडीचं काहीच बघवत नाहीये. खून करताना कोंबडी खाल्ली होती ना त्याने!”

सासूबाईंनी डबा हाताने बाजूला सारला. मग म्हणाल्या, “गॅसवरचं दूध बघ.”

पण मी आता थांबणार नव्हते. शुक्रवारी आमच्याकडे कोंबडी असायचीच. बुधवार, शुक्रवार, रविवार हे आमचे वार. मी ठरवलं, त्या शुक्रवारी कोठडीत कोंबडीच पाठवायची. तोच वार, तोच पदार्थ. झाकण उघडताच आरोपी कोसळेल, हंबरडा फोडेल, कबूल करेल.

“कोठडीला कोंबडी?” सासूबाई म्हणाल्या. “जावई लागतो का तो आपला?”

“आई, हा प्रयोग आहे.”

“तुझ्या हातची कोंबडी हा प्रयोगच असतो. तो आम्ही दर आठवड्याला करतो.”

हवालदाराला मी नीट शिकवून पाठवलं. झाकण उघडताना त्याच्या तोंडाकडे बघायचं. डोळे, ओठ, हात, सगळं ध्यानात ठेवायचं. “आन् मला?” त्याने विचारलं. त्याची वाटी मी आधीच वेगळी काढली होती. तपासाला खर्च येतोच.

दुपारी तो परत आला. मी दारातच उभी.

“उघडला?”

“उघडला. बघितलं. झाकण लावलं परत.”

“आणि? हात थरथरले?”

“थरथरले नाहीत. कपाळाला हात लावला त्याने.”

“कपाळाला!” मी सासूबाईंकडे वळले. “घाव डोक्यातच होता, आई!”

“मग पुढं छातीला लावला, मग खांद्याला...”

“बास, बास, कपाळ पुरे.” पुढचं ऐकायला मला सवडच नव्हती. “खाल्लं काय त्याने?”

“पोळी. कांद्याबरोबर.”

मी पुतण्याच्या मुंजीला घेतलेली साडी नेसले, पदर पिन लावून पक्का केला आणि थेट ठाण्यात साहेबांपुढे जाऊन बसले. साहेबांनी कागद बाजूला सारले. मी सुरुवातीपासून सांगितलं. अंडं, कोंबडी, झाकण, कपाळ. शेवटी आवाज खाली आणून म्हटलं, “साहेब, ज्या हाताने खून केला त्या हाताला कोंबडी उचलवत नाही.”

साहेब हसले नाहीत. त्याचं मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. आता कळतं, त्या माणसाला किती कष्ट पडले असतील.

“वहिनी, तुम्ही त्याला मासे दिले होते का?”

“दिले ना. मांदेली.”

“खाल्ली?”

“काट्यासकट.”

“प्रेत पाण्याच्या टाकीत सापडलं, वहिनी. तुमच्या हिशेबाने त्याने मासे परत पाठवायला हवे होते.”

मी म्हटलं, “टाकीत मासे नसतात.” साहेबांनी मान डोलावली, चहा मागवला आणि मला गेटपर्यंत सोडायला हवालदार दिला. मी घरी आले ती सासूबाईंशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. त्यांनी काहीच केलं नव्हतं, पण कुणाशी तरी न बोलणं भाग होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात दुपारी दारावर थाप पडली. बाहेर एक म्हातारी. लाल लुगडं गुडघ्याच्या जरा खाली, कानांत वरपासून खालपर्यंत सोनं, डोक्यावर केळ्यांची पाटी. पश्चिमेकडच्या गावांतल्या जुन्या बायका तशा दिसायच्या. बाजारात बघितल्या होत्या, पण एखादी माझ्या दारात प्रथमच आली होती. तिची बोली मला अर्धीच कळत होती. ती बोलली ते मी माझ्या मराठीत लिहिते आहे.

“कोठडीचा डबा तूच देतेस ना, बाय?”

मी हो म्हटलं. तिने पाटी उतरवली, पदराने तोंड पुसलं आणि उंबऱ्यातच बसली. “माझा पोर आहे आत.”

सासूबाईंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं. मी अंग चोरून उभी. खुन्याच्या आईशी काय बोलायचं हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

“आज भेटू दिलं मला त्याला,” म्हातारी म्हणाली. “सुकला आहे. म्हटलं, जेवत नाहीस का? तर म्हणतो, आय, ती बाई चांगली आहे, पण मधेच कोंबडी धाडते. आमचे उपवासाचे दिवस आहेत गं, बाय. ईस्टरपर्यंत मटण नाही, कोंबडी नाही, आमच्या घरात अंडंसुद्धा नाही. दारूचा थेंब नाही. शुक्रवारी तर नाहीच नाही. कोठडीत घातला म्हणून काय झालं, देव काय बाहेर थांबतो?”

“म्हणजे आमच्या श्रावणासारखं,” सासूबाई म्हणाल्या.

“असेल. आम्हाला मासळी चालते.”

“चालते?” सासूबाईंच्या आवाजात असूया होती. “तेवढं तुमचं बरं आहे हो.”

दोघी हसल्या. मला मात्र हसू येईना. माझा सिद्धान्त माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच पाटावर मरून पडला होता. त्याला कोंबडी बघवत नव्हती असं काही नव्हतं. त्याचा उपवास होता. आणि कपाळ, छाती, खांदा म्हणजे क्रूसाची खूण, हे आता माझ्याही ध्यानात आलं.

म्हातारी मग हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही शिकलेल्या आहात, म्हणून विचारते. तो मेला ना, त्याचा भागीदार रोज आमच्या घरी येतो. फार भला माणूस. म्हणतो, मोठा वकील देतो, पोर ईस्टरला घरी येईल. फक्त वाडीच्या कागदावर अंगठा द्या. पोर आत सांगतो, आय, काही झालं तरी वाडी देऊ नकोस. पण पोरच फासावर गेला तर वाडी काय करायची? उद्या तो येणार आहे. देऊ का अंगठा?”

आमची डिटेक्टिव्ह काय म्हणाली असेल? तिचे डोळे भरून आले. जगात किती चांगली माणसं असतात, असं तिला वाटलं. “द्या की,” ती म्हणणार होती. ‘द्या’ म्हणूनही झालं होतं. तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की ‘की’ तोंडातच राहिला.

“उद्याचा दिवस थांबा,” सासूबाई म्हातारीला म्हणाल्या. “अंगाला बरं नाही म्हणून सांगा त्याला. ही आत्ता साहेबांना विचारून येते.” आणि मला म्हणाल्या, “जा. आणि ती मुंजीची साडी नको. आहेस तशी जा.”

मी गेले, पण नाखुशीने. माझा सिद्धान्त चुकला हे सांगायला जायचं होतं. त्यात कुणाला हौस असते? साहेबांपुढे बसले आणि खाली बघून म्हटलं, “कोंबडीचं ते राहू द्या. तो उपवास करतोय. त्यांच्यात ईस्टरपर्यंत चालत नाही. शुक्रवारी तर मुळीच नाही.”

साहेबांच्या हातात चहाचा कप होता. तो तसाच वर राहिला.

“शुक्रवारी मुळीच नाही?”

“नाही म्हणाली त्याची आई. दारूही नाही.”

साहेबांनी कप ठेवला आणि हवालदाराला हाक मारली. “तुमच्याकडे कोंबडी कधी करतात हो?”

हवालदार गोंधळला. “बुधवार, शुक्रवार, रविवार, साहेब.”

“वहिनी, तुमच्याकडे?”

“तेच की.”

“माझ्याकडेही तेच. आणि त्या भागीदाराकडेही तेच असणार.” साहेब उठून खिडकीशी गेले. “आपल्यापैकी कुणालाच शुक्रवारच्या कोंबडीत काही वावगं दिसलं नाही. आणि मी आरोपीला हे कधी विचारलंच नाही. तो बिचारा कसा सांगणार?”

मला वाटलं, हे माझी थट्टा करतायत. मी आणखी फणकारले. “आणि त्या भागीदाराबद्दल विचारायला सांगितलंय. तो वकील देतोय, पण वाडीच्या कागदावर अंगठा मागतो. द्यायचा का?”

साहेब माझ्याकडे वळले. त्यांच्या तोंडावर जे दिसलं त्याचं वर्णन मला अजून करता येत नाही. त्यांनी नमस्कार केला एवढं खरं. “वहिनी, तुम्ही घरी जा. अंगठा द्यायचा नाही, माझा निरोप आहे म्हणून सांगा. आणि हे कुणालाही, अगदी सासूबाईंनाही बोलू नका.”

“पण उपवास मोडणारेही असतात ना, साहेब?” मी दारातून विचारलं. आपला सिद्धान्त थोडा तरी वाचतो का ते बघत होते.

“असतात. पण भुकेल्या पोटी, घरचं कुणी बघत नसताना कोंबडीवर झाकण ठेवणारा माणूस, ज्याला तोडीन म्हणाला त्याच्याच मांडीला मांडी लावून शुक्रवारी उपवास मोडेल?”

त्यांना त्या क्षणी दिसलं ते मला संध्याकाळी भांडी घासताना दिसलं. हाडं खरी होती, म्हणजे तिथे बसून कोंबडी खाणारे दोघं होतेच. एक मेला. दुसरा जर हा नव्हे, तर कोण? आणि पार्सलात कोंबडी होती हे रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला कसं दिसलं? कढईवरची काजळी तशीच ठेवून मी धावत सासूबाईंकडे गेले. “आई, तो भागीदार!”

“मला दुपारीच कळलं,” सासूबाई वाती वळत म्हणाल्या. “म्हणून तर चिमटा काढला.”

त्या बुधवारी साहेबांनी माझ्याकडून कोंबडी मागवली. दोन माणसांची. भागीदाराला त्यांनी ठाण्यात बोलावलं होतं, साक्ष पुन्हा एकदा नीट लिहून घ्यायची आहे असं सांगून. जेवणाची वेळ झाली तेव्हा म्हणाले, चार घास खाऊन घेऊ. पुढचं मला हवालदाराने सांगितलं, आणि ते सांगताना त्याने चहाचे दोन कप संपवले.

“खात होता निवांत. साहेब म्हणाले, कशी आहे कोंबडी? तर म्हणतो, मीठ कमी आहे. त्या दिवशीच्या पार्सलात लई जास्त झालं होतं. साहेब जेवत जेवतच म्हणाले, कुठल्या दिवशीच्या?”

“मग?”

“मग काय. घास हातात आन् तोंड उघडं.”

तेवढ्यावर कुणी खुनी ठरत नाही, हे साहेबांनी मला नंतर समजावलं. त्यांनी परिसरातली हॉटेलं पालथी घातली. एका हॉटेलच्या मालकाने माणूस ओळखला. त्या शुक्रवारी पार्सल नेणारा तोच. पुढे भागीदाराने सगळंच सांगितलं. वाडीच्या व्यवहारावरून दोघा भागीदारांतच बिनसलं होतं, आणि एकाला टाकीत टाकून बागायतदाराला कोठडीत टाकलं की वाडी आपसूक हाताला लागणार होती. पण माझं म्हणणं आजही तेच आहे. त्याचं तोंड उघडलं ते माझ्या कोंबडीने. तिच्यात मीठ पुरेसं असतं तर तो मुकाट जेवून गेला असता. सासूबाई म्हणायच्या, मग श्रेय माझ्या रक्तदाबाचं.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी कोर्टाने बागायतदाराला सोडलं. म्हातारी पुन्हा आमच्या दारात आली, या वेळी पाटी न घेता. आम्ही दोघींनी ईस्टरला तिच्याकडे जेवायला यायचंच, असा हुकूम देऊन गेली.

आम्ही गेलो. एसटीने गावाच्या फाट्यापर्यंत, पुढे वाड्यांमधल्या पायवाटेने. सासूबाईंनी ठेवणीतलं पातळ काढलं होतं, आणि मी काय नेसले होते हे सांगायची गरज नाही. ओटीवर पाहुण्यांची गर्दी. तांदळाच्या रोट्या, पिठाचे तळलेले गोल फुगे, नारळाच्या रसातली कोंबडी. सासूबाईंनी पथ्य त्या दिवसापुरतं विसरायचं ठरवलं.

तिथे मी त्याला पहिल्यांदा बघितलं. इतके दिवस हवालदाराच्या डोळ्यांनी मी ज्याच्या तोंडाचा अभ्यास केला होता, ते तोंड अगदी साधं होतं. गाल बसलेले, नुकती केलेली दाढी. तो फार बोलत नव्हता. म्हातारीने त्याच्या ताटात सगळ्यात मोठा तुकडा वाढला आणि सगळे त्याच्याकडे बघत राहिले. त्याने रोटी मोडली, आणि थांबला. माझ्याकडे बघून म्हणाला, “वहिनी, तिकडे आज डबा कुणी दिला?”

मी सासूबाईंकडे बघितलं.

कुणीच दिला नव्हता. सकाळपासून साड्या, गजरे, एसटीची वेळ, ह्या गडबडीत आम्ही दोघी कोठडी साफ विसरलो होतो. कोठडीला सुट्टी नसते. आणि आता आत एकच माणूस होता. भागीदार.

“राहिला की हो,” सासूबाई म्हणाल्या.

म्हातारी भडकली. “राहिला तर राहिला! माझ्या पोराला फासावर चढवायला निघाला होता तो. राहू दे एक दिवस उपाशी.”

ओटीवर दोन-चार जणांनी माना हलवल्या. मीही हलवली असावी. तो मात्र रोटी हातात धरून बसला होता. म्हणाला, “आय, आत दुपार फार लांब असते. डब्याचा आवाज आला की मगच ती संपते.”

म्हातारी तोंडाने पुटपुटत उठली, आत गेली, भांडी जोरजोरात आपटल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात झाकणाचं पातेलं होतं, फडक्यात बांधलेलं. “घे, बाय. गरम आहे. सांडू नकोस.” मी उघडून बघितलं तर चांगले मोठे तुकडे होते, रोट्या होत्या, वर फुगे. मग ती परत पोराच्या शेजारी बसली आणि त्याच्यावर खेकसली, “आता तरी जेवशील?”

तो जेवला. मी मात्र अर्ध्या ताटावरून उठले, कारण परतीची एसटी गाठायची होती. जरीची साडी, मांडीवर गरम पातेलं, अशी मी आचोळ्याला आले आणि दारात ताटकळलेल्या हवालदाराच्या हातात ते दिलं. उशीर का झाला, हे त्याने विचारलं नाही. फडक्यातून येणाऱ्या वासाने त्याची बोलती बंद झाली होती.

दुसऱ्या दिवशी साहेब आमच्या इमारतीवरून चालले होते. मला गॅलरीत बघून थांबले.

“वहिनी, कालचं जेवण तुमच्या हातचं नव्हतं.”

“कशावरून?” मी कमरेवर हात ठेवले. “हवालदार बोलला वाटतं?”

“हवालदार एक शब्द बोलला नाही. आरोपीने पहिल्यांदाच आणखी मागितलं.”